आयर्लंड: यादी आखूड, मुक्काम लांब

लेक डब्लिनला नोकरीला लागली तेव्हापासून आमच्याकडे एक फोन ठरलेला असतो. “आम्ही पण निघालोय आयर्लंडला, काय काय बघायचं सांगा.” पाठोपाठ व्हॉट्सअॅपवर यादी येते. मोहरचे कडे, जायंट्स कॉजवे, केरी, बेलफास्ट, गिनेस, ब्लार्नीचा दगड, आणि हे सगळं पाच दिवसांत! या यादीवर मी लाल पेन कुठे कुठे चालवते, ते एकदाच लिहून टाकते.

१. आधी व्हिसा. आयर्लंड शेंगेनमध्ये नाही, त्यामुळे फ्रान्स-इटलीच्या सहलीला तो सहज जोडता येत नाही. शिवाय जायंट्स कॉजवे आणि बेलफास्ट ही ठिकाणं उत्तर आयर्लंडात, म्हणजे ब्रिटनच्या अमलाखाली. हद्दीवर फाटक नाही की शिपाई नाही. रस्त्यावरच्या पाट्यांवर किलोमीटरऐवजी मैल आले आणि दुकानदार युरोऐवजी पौंड मागू लागला, की समजायचं आपण पलीकडे आलो. पण कायदा तो कायदाच, आणि बसमध्ये अधूनमधून पासपोर्ट तपासतात. भारतीयांना दोन्हीकडे चालणारा व्हिसा मिळू शकतो, त्यावर ‘बीआयव्हीएस’ अशी अक्षरं असतात. ती आहेत ना हे बघूनच बेलफास्टचं हॉटेल ठरवा. आणि ज्या देशाने व्हिसा दिला, त्याच देशात आधी उतरायचं.

२. नकाशावर भरवसा ठेवू नका. अख्खं बेट मिळून ८४ हजार चौरस किलोमीटर, महाराष्ट्राच्या पाव हिश्श्याहून जरासंच मोठं. म्हणून मंडळी डब्लिनला एकच हॉटेल घेतात आणि रोज एक टोक गाठायला निघतात. डब्लिनहून मोहर म्हणजे जाऊन-येऊन सहा-सात तास बसमध्ये आणि कड्यावर जेमतेम दीड-दोन तास. माझं मत विचाराल तर डब्लिनला दोन रात्री पुष्कळ झाल्या. बाकीचा मुक्काम पश्चिम किनाऱ्यावर हलवा.

३. मोहरला संध्याकाळी जा. क्लेअर परगण्यातले हे कडे सर्वांत उंच ठिकाणी २१४ मीटर आहेत आणि त्यांचं तोंड पश्चिमेला, थेट अटलांटिककडे. दुपारी डब्लिनच्या बसेसचा तांडा येतो, तेव्हा ऊन असलंच तर डोक्यावर असतं आणि कड्याचा दगड नुसता काळा दिसतो. पाचनंतर बसेस परततात. उन्हाळ्यात सूर्य दहाच्या सुमारास मावळतो, म्हणजे पुढे चार-पाच तास उजेड आणि मोकळी वाट. तिरपं ऊन दगडावर पडलं की थरावर थर वेगळे दिसू लागतात. हा गाळाचा दगड ३० कोटी वर्षांहून जुना आहे. अधल्यामधल्या कपारींत पांढऱ्या ठिपक्यांसारखे पक्षी बसलेले असतात. मे ते जुलै या काळात गेलात आणि दुर्बीण असली, तर रंगीत चोचीचा पफिनही दिसतो. तिथला जुना बुरूज १८३५ साली कॉर्नेलियस ओब्रायन या जमीनदाराने बांधला. कड्याच्या अगदी टोकाशी जाऊन सेल्फी काढणारे हमखास भेटतात. खालून माती ढासळत असते, वाटेचे काही भाग त्यापायी बंदही ठेवतात. कुंपणाच्या आतूनही तोच समुद्र दिसतो. रात्री जवळच्या डूलिन गावात राहा आणि पबमध्ये पारंपरिक संगीत ऐका. दारू घेतलीच पाहिजे असं नाही, चहा मागितला तर कुणी भुवया उंचावत नाही.

४. न्यूग्रेंज कोणत्याही कारणाने गाळू नका. डब्लिनहून तासाभरावर, बॉइन नदीच्या खोऱ्यात, एक गवताळ टेकाड आणि त्याच्या पोटात दगडी दालन. इसवी सनापूर्वी ३२०० च्या सुमाराचं, म्हणजे गिझाच्या पिरॅमिडांच्याही आधीचं. गाडी थेट जात नाही. पर्यटक केंद्रावरून त्यांच्याच बसने जायचं, थोड्या थोड्या लोकांना आत सोडतात. बोळ १९ मीटर लांब, एके ठिकाणी इतका अरुंद की खांदे तिरके करून, वाकून सरकावं लागतं. पाठीवरची सॅक बाहेरच ठेवायची. ज्यांना कोंडल्यासारखं होतं त्यांनी विचार करून जावं. आतल्या दालनाचं छत एकावर एक पुढे सरकवत नेलेल्या दगडांचं आहे. चुना नाही, आणि पाच हजार वर्षं आयर्लंडचा पाऊस झेलूनही आत कोरडं! हिवाळ्यातल्या सर्वांत लहान दिवसाच्या आसपास उगवत्या सूर्याचा किरण दारावरच्या झरोक्यातून थेट इथवर पोचतो आणि सुमारे १७ मिनिटं टिकतो. त्या सकाळी आत जायला सोडत काढतात. एरवी वाटाड्या दिवे घालवतो आणि विजेच्या झोताने तो किरण दाखवतो. नक्कल आहे हे माहीत असूनही सगळ्यांची बडबड थांबते. इथली तिकिटं आगाऊ काढा, ऐनवेळी मिळतील या भरवशावर राहू नका.

५. डब्लिनमध्ये एकच ठिकाण बघायचं असेल तर किल्मेनहमचा तुरुंग. १७९६ ते १९२४ तो चालू होता. १९१६ च्या ईस्टरला ब्रिटिशांविरुद्ध झालेल्या उठावानंतर मे महिन्यात १४ जणांना इथल्या दगड फोडायच्या आवारात गोळ्या घातल्या. जेम्स कॉनोलीला जखमांमुळे उभं राहता येत नव्हतं, त्याला खुर्चीला बांधून मारलं. दोन साधे क्रूस आहेत, बाकी उघडं आवार. त्या चौदांपैकीच जोसेफ प्लंकेटचं लग्न, मरणाच्या काही तास आधी, याच तुरुंगाच्या प्रार्थनाघरात लागलं. हा उठाव झाला त्याच एप्रिलमध्ये आपल्याकडे टिळकांनी बेळगावला होमरूल लीग काढली, आणि होमरूलची मागणी मूळची आयरिशच. इथेही वाटाड्यासोबतच आत जाता येतं आणि तिकीट आधीच घ्यावं लागतं. पुढची गंमत म्हणजे मालवण तालुक्यातल्या वराडच्या डॉक्टरांचा मुलगा, लिओ वराडकर, २०१७ साली याच देशाचा पंतप्रधान झाला.

६. डब्लिनमधलं काय गाळावं? बिअरमध्ये रस नसेल तर गिनेसचा कारखाना. आर्थर गिनेसने १७५९ साली कारखान्याची जागा ४५ पौंड वार्षिक भाड्याने ९,००० वर्षांसाठी घेतली, एवढी हकिगत कळली की पुरे. ट्रिनिटी कॉलेजातलं ‘बुक ऑफ केल्स’ हे साधारण इसवी सन ८०० चं हस्तलिखित अप्रतिम आहे, पण एका वेळी त्याची मोजकीच पानं उघडी असतात. शिवाय फोटोत दिसणाऱ्या त्या लांबलचक ग्रंथालयातली पुस्तकं दुरुस्तीसाठी हलवली आहेत. त्याऐवजी डब्लिन कॅसलच्या आवारातलं चेस्टर बीटी संग्रहालय बघा. प्रवेश फुकट, आणि मुघल चित्रं अशी की आपल्याकडचं माणूस तासभर हलत नाही.

७. केरी की डिंगल? डिंगल. केरीचा फेरा १७९ किलोमीटरचा आहे, सुंदर आहे, पण बसेसच्या मागे मागे जावं लागतं. शेजारच्या डिंगल द्वीपकल्पाचा फेरा लहान. गॅलरसचं प्रार्थनाघर, उलट्या होडीच्या आकाराचं, कोरड्या दगडांचं, तेही न गळणारं. समोर ब्लास्केट बेटं, जिथले शेवटचे रहिवासी १९५३ साली मुख्य भूमीवर आणले.

८. स्केलिग मायकलला जाण्याआधी गुडघ्यांना विचारा. समुद्रातल्या सुळक्यावर ६१८ दगडी पायऱ्या, कठडा नाही, स्वच्छतागृह नाही, वर जुन्या साधूंच्या दगडी झोपड्या. उन्हाळ्यातच होड्या जातात आणि लाटा वाढल्या की रद्द होतात. साठीच्या पुढच्यांनी बेटाला होडीतून फेरी मारून यावं.

९. छत्री नेऊ नका. पाऊस मुंबईसारखा कोसळत नाही, पण वाऱ्यावर आडवा येतो. टोपीचा रेनकोट आणि पकड असलेले बूट घ्या.

१०. कॉजवेला गेलात तर ओल्या दगडांवर जपून. सुमारे ४० हजार बहुकोनी खांब, लाव्हा थंड होताना तडकून झालेले. अंधेरीची गिल्बर्ट हिल अशाच खांबांची आहे. मुंबईकर तिच्याकडे ढुंकून बघत नाहीत आणि इथे रांगा लावतात! दगडांपर्यंत पायी जायला पैसे पडत नाहीत, तिकीट पर्यटक केंद्राचं असतं.

११. शाकाहारी माणूस उपाशी राहत नाही. सूप आणि ब्राउन ब्रेड सगळीकडे मिळतो, फक्त सुपात चिकनचं पाणी आहे का ते विचारा. गावाकडची स्वयंपाकघरं नऊलाच बंद होतात, आपल्या वेळेला जेवायला गेलात तर चिप्सच्या पुड्यावर भागवावं लागेल.

१२. गाडी भाड्याने घ्या. तिकडेही डावीकडूनच चालवतात, त्यामुळे हात लवकर बसतो. फक्त डब्लिनच्या एम-५० रस्त्यावर टोलनाका नाही, कॅमेरा आहे. तो टोल दुसऱ्या दिवशी रात्री आठच्या आत ऑनलाइन भरायचा, नाहीतर दंड लागतो.