घाई त्यानं एकदाच केली

सूनबाई, काल लेकरू आंगणवाडीतून आल्यावर तू त्याला जे बोललीस ते मी ओसरीवरून ऐकलं. "दहादा सांगितलं, तरी पोट्टं ऐकतच नाही." तेव्हा मी मध्ये पडले नाही. आज कापूस घेऊन बसले आहे, ये, वाती वळता वळता चार गोष्टी कानात सांगते. पंचवीस वर्षं याच बोरगावात आंगणवाडी चालवली, आणि तुझा नवराही सातव्या महिन्यातलाच. तेव्हा काचेच्या पेट्या कुठल्या! माझ्या सासूनं सरकी काढलेल्या कापसात गुंडाळून त्याला उबेला ठेवला होता. आता डॉक्टर सांगतात, आईच्या उघड्या छातीशी बांधलेलं बाळ सगळ्यात चांगलं उबेत राहतं. तू ते केलंस, म्हणून आज हा अंगणात कोंबड्यांमागे पळतो आहे.

दिवस मोजायला शीक. पूर्ण दिवस म्हणजे चाळीस आठवडे. सदतीस भरायच्या आत आलं ते अपुऱ्या दिवसांचं. आपलं बत्तिसाव्यात आलं, म्हणजे दोन महिने आधी. दोन वर्षांचं होईपर्यंत बसणं, चालणं, बोलणं बघताना हे दोन महिने वयातून वजा करायचे असतात. तू मात्र शेजारच्या लेकराशी बरोबरी करत रडत बसलीस. आता तो चार वर्षांचा झाला, वजाबाकी संपली. पण पोटातल्या शेवटच्या आठवड्यांत मेंदू झपाट्यानं वाढतो, आणि ते आठवडे यानं दिव्याखाली, यंत्रांच्या टुकटुकीत काढले. अशा सगळ्याच लेकरांना त्रास होतो असं नाही. पण काहींचं लक्ष टिकत नाही, काही लवकर घाबरतात, काहींना चार पोरांत मिसळता येत नाही. यात तुझं चुकलं नाही आणि त्याचंही नाही. घाई त्यानं एकदाच केली, आता आपण करायची नाही.

ऐकत नाही म्हणण्याआधी ऐकू येतं का ते बघ. माझ्या आंगणवाडीत एक पोरगी होती, हाक मारली तरी वळायची नाही. आम्ही सगळ्या तिला हट्टी म्हणायचो. कान तपासले तेव्हा कळलं, आणि मान खाली घालायची पाळी आमच्यावर आली. लवकर जन्मलेल्या लेकरांच्या डोळ्यांचा पडदा महिनाभराच्या आत तपासतात, तो तू दाखवलास. पण तेवढ्यानं भागत नाही. तिरळेपणा, जवळचंच दिसणं हे पुढेही निघतं. रक्त कमी असेल तरी लेकरू चिडचिडं, मरगळलेलं राहतं, कारण लोहाचा बराचसा साठा आईकडून शेवटच्या महिन्यांतच मिळतो. कान, डोळे, रक्त, झोप हे आधी बघ. स्वभावाला नंतर नावं ठेव.

एका वेळी एकच सांग. काल तू म्हणालीस, "चप्पल घाल, हात धू आणि तांब्या घेऊन ये." तिन्ही एका दमात. त्यानं चप्पल शोधली, तिथं मुंगी दिसली, मुंगीमागे गेला. हात आणि तांब्या दोन्ही हवेत विरले. ही नाफरमानी नव्हे. डोक्यात तीन गोष्टी एकदम धरून ठेवायला त्याला जड जातं. जवळ जा, खाली बस, खांद्यावर हात ठेव, डोळ्याला डोळा भिडू दे, मग एकच काम सांग. ते झालं की दुसरं. आणि लक्षात ठेव, लक्ष नसलेलं लेकरू नेहमी उड्याच मारतं असं नाही. यांच्यातली पुष्कळशी गप्प बसून भलतीकडेच बघत असतात. त्यांचा त्रास कुणाला होत नाही, म्हणून ती कुणाला दिसत नाहीत.

पाटीआधी बोटं. पुण्याच्या के.ई.एम. रुग्णालयात डॉ. सुधा चौधरींनी १९८७ ते १९८९ दरम्यान जन्मलेल्या, दोन किलोपेक्षा कमी वजनाच्या बाळांवर थेट अठराव्या वर्षापर्यंत लक्ष ठेवलं. बाराव्या वर्षी त्या मुलांची सरासरी बुद्धी सामान्य मर्यादेतच भरली, पण बरोबरीच्या मुलांपेक्षा थोडी खाली. डोळा आणि हात यांचा मेळ आणि गणित यांत अडचण जास्त दिसली. म्हणून अक्षरं गिरवून घ्यायची घाई नको. वावरातलं संत्रं दे त्याच्या हातात. देठाकडून नख घालू दे, साल तुटू दे, रस मनगटावर ओघळू दे. मग फोडी मोजायच्या: एक तुला, एक आजीला. पहिल्या दिवशी तीन फोडींवर उठेल, उठू दे. आठवड्यानं पूर्ण संत्रं सोलेल. हीच त्याची शाळा.

गर्दीला काठावरून भेटव. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी तान्ह्या पोळ्यात तो लाकडी बैल टाकून किंचाळत सुटला आणि तू लाजेनं लाल झालीस. ताशा, भोंगा, शंभर पोरं, सगळं एकदम अंगावर आलं त्याच्या. पुढच्या वर्षी मैदान भरायच्या आधी जा, कडेला उभी राहा. त्यानं तुझा पदर दोनदा ओढला की घरी यायचं, असं आधीच ठरव आणि शब्द पाळ. त्याच दिवशी पांढुर्ण्यात जाम नदीवर दगडांची गोटमार असते. त्या गर्दीत तर त्याला नेऊच नको.

हात उगारू नको. हे मी सांगते, कारण मी उगारला आहे. तुझा नवरा पाच वर्षांचा असताना पाढे म्हणता म्हणता उठून गेला म्हणून मी त्याला फुंकणीनं मारलं. पाढे आले नाहीतच, पण मी जवळ गेले की तो दोन महिने डोकं हातानं झाकायचा. आज कारखान्यात आठ तास यंत्रावर उभा राहतो, एक माप चुकवत नाही. त्याला वेळ हवा होता, फुंकणी नव्हे. चांगलं केलं की तिथल्या तिथं सांग, आणि काय चांगलं केलं तेही सांग. नुसतं "शहाणा" म्हणून भागत नाही. "चप्पल जागेवर ठेवलीस" असं म्हण. जेवण, अंघोळ, झोप रोज त्याच वेळी. या वयात दिवसरात्र मिळून दहा ते तेरा तास झोप लागते. मोबाईल तासाच्या वर नको, जेवताना तर नकोच.

दाखवायला लाजू नको. जामसावळीच्या मारुतीला नारळ फोड, मीठ-मिरचीनं दृष्ट काढ, माझी ना नाही. पण तपासणी चुकवू नको. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक वर्षातून दोनदा आंगणवाडीत येतं. त्यांना पहिल्याच वाक्यात सांग, "हा बत्तिसाव्या आठवड्याचा आहे." तेच आंगणवाडीच्या बाईला, आणि पुढे शाळेतल्या गुरुजींनाही. सांगितलं नाही तर त्यांना कळणार कसं? कळलं, की त्याला पुढे, दारापासून लांब बसवतील. घरी आणि आंगणवाडीत, दोन्हीकडे सहा महिने त्याचं लक्ष असंच भटकत राहिलं, तर जिल्ह्याच्या दवाखान्यात बालरोगतज्ज्ञाला दाखवू. एवढ्या लहान लेकराला आधी गोळी देत नाहीत, आधी आईबापालाच कसं वागायचं ते शिकवतात. नवऱ्यालाही सोबत ने. लेकरू काही तू एकटीनं आणलेलं नाही.

आणि तूही झोप जरा. दोन महिने पेटीबाहेर बसून काढलेस, त्यानंतर कुणी तुला विचारलंच नाही, मीही नाही.

उद्या सकाळी त्याला फक्त चप्पल घालायला सांग. तांब्या मी आणते.