आकाशवाणीची धून

मुलांनो, आकाशवाणीची आरंभीची धून आठवते का, असे घरच्या वडीलधाऱ्यांना विचारून पाहा. वाशीम, रिसोड, कारंजा या बाजूच्या खेड्यापाड्यांत पहाटे रेडिओ लावला, की तंबोऱ्याच्या सुरावर व्हायोलिनची ती हळुवार धून ऐकू येई आणि मग केंद्र सुरू होई. ती बांधणारे वॉल्टर कॉफमन भारतीय नव्हते. युरोपातून आलेले ते एक ज्यू संगीतकार होते.

कॉफमन यांचा जन्म 1907 साली कार्ल्सबाद येथे झाला. हे गाव पुढे चेकोस्लोव्हाकियात गेले. बर्लिन व प्राग येथे त्यांचे शिक्षण झाले. 1933 मध्ये जर्मनीची सत्ता हिटलरच्या नाझी पक्षाच्या हाती गेली. युरोपात ज्यूंचा द्वेष जुनाच होता. साथ आली, की दोष त्यांच्या माथी! नाझींनी त्या द्वेषाला कायद्याचे रूप दिले. प्राग तेव्हा स्वतंत्र होते. तरी ते विष तेथेही पोहोचले होते. आपले प्राध्यापक नाझी तरुणांचे पुढारी आहेत, हे कॉफमन यांना कळले. प्रबंध लिहून झालेला असताही त्यांनी ती पदवी नाकारली आणि 1934 मध्ये मुंबई गाठली.

भारतीय संगीताच्या तबकड्या त्यांनी प्रथम ऐकल्या, तेव्हा त्यांना त्यात काहीच गोडी वाटेना. पण जे लक्षावधी माणसांना प्रिय आहे ते निरर्थक कसे असेल? उणीव आपल्याच कानांत असली पाहिजे, असे मानून ते अभ्यासास लागले. 1937 ते 1946 या काळात ते मुंबई केंद्रावर पाश्चात्त्य संगीताचे प्रमुख होते. 1968 मध्ये उत्तर हिंदुस्थानी रागांवरील त्यांचा ग्रंथ प्रसिद्ध झाला. नाकारलेल्या पदवीहून मला तो मोठा वाटतो.

त्यांचे धर्मबांधव महाराष्ट्राला नवे नव्हते. कोकणातील बेने इस्राएल पिढ्यान्‌पिढ्या मराठी बोलत आणि तेलाचे घाणे चालवीत. शनिवारी ते घाणा बंद ठेवीत; म्हणून लोक त्यांना ‘शनवार तेली’ म्हणत. धर्मापायी त्यांचा येथे छळ झाला नाही.

प्रागमध्ये मात्र 15 मार्च 1939 रोजी जर्मन फौजा शिरल्या. त्याच सप्टेंबरात ज्यूंच्या घरचे रेडिओ काढून घेण्यात आले. 1940 मध्ये त्यांच्या मुलांना चेक शाळांची दारे बंद झाली. 1941 मध्ये सहा वर्षांवरील प्रत्येक ज्यूला छातीवर पिवळी चांदणी लावण्याची सक्ती झाली. चांदणी कशासाठी? तर रस्त्यात कोणीही ओळखावे आणि टाळावे म्हणून! मग आगगाड्या भरभरून माणसे नेली जाऊ लागली. 1945 पर्यंत युरोपात सुमारे साठ लाख ज्यूंची हत्या झाली.

कॉफमन यांच्या पत्नी गेर्टी यांची आई एली प्रागमध्येच होती. प्रसिद्ध लेखक फ्रान्त्स काफ्का यांची ही बहीण. ऑक्टोबर 1941 मध्ये तिला पोलंडमधील वूच शहरातल्या बंदिस्त ज्यू वस्तीत पाठविण्यात आले. ती परतली नाही. तिच्या दोघी बहिणीही वाचल्या नाहीत. जावई त्या वेळी मुंबईच्या आकाशवाणी केंद्रावर होते.