ठाण्यातून सुटल्यावर आधी घरी जाऊ नका

मोर्णेच्या काठी, अकोल्याच्या जुन्या शहरात, माझं झेरॉक्सचं दुकान आहे. लोक अर्ज लिहून घ्यायला येतात आणि अर्जाबरोबर सगळी हकिगत सांगतात. त्यांत पोलिसांविषयीचे अर्ज बरेच असतात. कोणाची तक्रार घेतली नाही, कोणाला रात्रभर बसवून ठेवलं, कोणाच्या पोराला मारलं. ते अर्ज लिहून लिहून कायद्याची थोडी ओळख झाली होती. पुढे ती घरातच कामी आली.

माझा पुतण्या मोटारसायकलच्या गॅरेजात कामाला आहे. चोरीची एक गाडी त्याच्या हातून दुरुस्त होऊन गेली होती. तेवढ्यावरून एका ठाण्याच्या पोलिसांनी त्याला संध्याकाळी उचललं. प्रकरण न्यायालयात आहे, म्हणून ठाण्याचं नाव लिहीत नाही. भाऊ आणि मी तिथे गेलो. "चौकशी सुरू हाये, घरी जा, सकाळी सोडतो त्याले," एवढंच उत्तर मिळालं. कोणत्या गुन्ह्यात आणलं, अटक केली की नाही, कोणी सांगेना. दुसऱ्या दिवशी दुपारी तो बाहेर आला, तेव्हा त्याला पायात चप्पल घालता येत नव्हती. तळपायांवर पट्ट्याने मारलं होतं. सोडताना कोऱ्या कागदावर सही घेतली आणि बजावलं, "कोणाले सांगितलं त ३५३ लावून टाकीन." ३५३ म्हणजे सरकारी कामात अडथळा. नव्या भारतीय न्याय संहितेत ते कलम १३२ झालं, पण धमकी अजून जुन्याच आकड्याची चालते.

भावाला पोराला घरी न्यायची घाई होती. वहिनी रात्रभर जागीच होती. मी रिक्षा सर्वोपचार रुग्णालयाकडे घ्यायला लावली. आमचं सगळं प्रकरण आज त्या दुपारच्या कागदावर उभं आहे.

तळपायाची सूज चार-आठ दिवसांत उतरते, वळ पुसले जातात, आणि मग मारल्याचं सांगायला फक्त तोंड उरतं. म्हणून एमएलसी, म्हणजे वैद्यकीय-कायदेशीर नोंद, त्याच दिवशी करून घ्या. अपघात विभागातले डॉक्टर विचारतात, "कसं लागलं?" घाबरलेला माणूस म्हणतो, "पडलो." एकदा "पडलो" लिहिलं गेलं की पुढची सगळी वर्षं तो शब्द तुमच्याविरुद्ध वाचला जातो. स्पष्ट सांगा: पोलिसांनी मारलं, कुठे, कशाने, किती वाजता. नावं माहीत नसतील तर वर्णन सांगा. प्रत्येक जखम कुठे आहे, केवढी आहे आणि किती जुनी दिसते हे लिहून घ्यायची विनंती करा. जखमांचे फोटो काढताना एखाद्या फोटोत चेहरा आणि जखम एकत्र येऊ द्या. अंगावरचे कपडे धुऊ नका.

कोऱ्या कागदावर सही घेतली असेल तर तेही त्याच दिवशी तक्रारीत लिहा. पोलिसांपुढे दिलेला कबुलीजबाब आरोपीविरुद्ध पुरावा होत नाही हे खरं आहे. पण त्या सहीचा पंचनामा होऊ शकतो, राजीखुशीचा जबाब होऊ शकतो.

लेखी तक्रारीची किंमत आमच्या जुन्या शहराने फार मोठ्या प्रकरणात पाहिली आहे. १३ मे २०२३ च्या रात्री इथे दंगल झाली आणि एका माणसाचा जीव गेला. १७ वर्षांच्या एका मुलाचं म्हणणं असं, की तो हल्ला मी पाहिला आणि त्यानंतर मलाही मारलं. डोक्याला मार लागून तो दवाखान्यात होता. वडिलांनी पोलीस अधीक्षकांना लेखी तक्रार दिली. तरी त्याच्यावरच्या हल्ल्याचा गुन्हा नोंदला गेला नाही. उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठानेही याचिका फेटाळली. कुटुंब दिल्लीला सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलं. ११ सप्टेंबर २०२५ ला न्या. संजय कुमार आणि न्या. सतीशचंद्र शर्मा यांनी पोलिसांना कर्तव्यात कसूर केल्याबद्दल खडसावलं. अंगावर वर्दी चढली की धर्म, जात आणि सगळे पूर्वग्रह बाजूला ठेवायचे असतात, असं न्यायालय म्हणालं. विशेष तपास पथक नेमायचा आणि कसूर करणाऱ्यांवर कारवाईचा आदेश झाला. पथकात हिंदू आणि मुस्लीम दोन्ही अधिकारी असावेत, या भागावर शासनाने फेरविचार मागितला आणि नोव्हेंबरमध्ये त्यावर दोन्ही न्यायमूर्तींची मतं वेगळी पडली. तो वाद मोठा आहे. मला त्यातली एकच गोष्ट इथे सांगायची आहे. मुलाचं म्हणणं खरं की खोटं हे तपासातच ठरेल, पण तपासच न करणं हा पोलिसांचा अधिकार नाही. आणि हे दिल्लीत सांगता आलं, कारण वडिलांचा अर्ज कागदावर होता.

ठाण्यात तक्रार घेतली नाही तर तिथे भांडत बसू नका. दखलपात्र गुन्ह्याची माहिती मिळाली की एफआयआर नोंदवणं बंधनकारक आहे, हे ललिता कुमारी प्रकरणात २०१३ सालीच ठरलं आहे. पण हे ठाणे अंमलदाराला पटवून देण्यात दिवस जातो आणि शेवटी हातात एनसीची पावती पडते. एनसी म्हणजे अदखलपात्र नोंद. तिच्यावर न्यायालयाच्या आदेशाशिवाय तपास होत नाही. अनेक जण ती पावती एफआयआर समजून वर्षभर सांभाळतात. माझ्या दुकानात असे कितीतरी आले. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३(४) खाली हीच तक्रार पोलीस अधीक्षकांना लेखी पाठवा. नोंदणीकृत टपाल आता स्पीड पोस्टातच विलीन झालं आहे, तेव्हा स्पीड पोस्टाने पाठवा आणि पोच जपा. शिवाय आवक शाखेत एक प्रत देऊन शिक्का घ्या. तिथेही काही झालं नाही तर कलम १७५(३) खाली प्रथमवर्ग न्यायदंडाधिकाऱ्यांकडे शपथपत्रासह अर्ज. आधीच्या दोन्ही पायऱ्यांचे कागद जोडले नाहीत तर तो अर्ज तिथेच अडतो. लोकसेवकाविरुद्धच्या तक्रारीत न्यायालय वरिष्ठांचा अहवालही मागवतं. त्यात वेळ जातो, धीर सोडू नका.

वेळेचंच सांगतो, कारण ही माहिती वकिलांच्याही तोंडून उशिरा येते. महाराष्ट्र पोलीस अधिनियमाचं कलम १६१ सांगतं, की कर्तव्याच्या नावाखाली किंवा अधिकार ओलांडून केलेल्या कृत्याबद्दल पोलिसांवर खटला किंवा दावा सहा महिन्यांच्या आत दाखल व्हायला हवा. शासनाची पूर्वपरवानगी असेल तरच खटल्याला दोन वर्षांपर्यंत मुभा. मारहाण हे कर्तव्य नव्हेच, असा युक्तिवाद वकील करतात आणि तो योग्यही आहे. पण त्या वादात अडकण्यापेक्षा सहा महिन्यांच्या आत न्यायालयात पोचा. मानवी हक्क आयोगासाठी मर्यादा घटनेपासून एक वर्षाची आहे.

ठाण्यातल्या कॅमेऱ्यांचंही तेच. परमवीर सिंग सैनी प्रकरणात २ डिसेंबर २०२० ला सर्वोच्च न्यायालयाने प्रत्येक ठाण्यात, कोठडीसह, कॅमेरे लावायला आणि चित्रण १८ महिने, ते शक्य नसेल तिथे निदान वर्षभर, जपायला सांगितलं. आम्ही चित्रण मागितलं तेव्हा "त्या दिवशी यंत्र बंद होतं" असं उत्तर आलं. ते उत्तर आम्ही लेखी घेतलं. आता ते ठाण्यालाच न्यायालयात समजावून सांगावं लागणार आहे. तुम्ही पहिल्याच तक्रारीत तारीख आणि वेळ घालून लिहा: या काळातलं चित्रण जपून ठेवावं.

ज्यांच्या माणसाला रीतसर अटक झाली आहे, त्यांनी न्यायालयात हजर करतानाचा क्षण जपावा. २४ तासांत हजर करावंच लागतं. तिथे मॅजिस्ट्रेट विचारतात, "पोलिसांविरुद्ध काही तक्रार आहे?" गाडीतून आणताना दम दिलेला असतो, शेजारी तेच पोलीस उभे असतात, आणि पोरगं मान हलवून नाही म्हणतं. ती "नाही" नोंदली जाते. त्याआधी वकिलाला भेटू द्यायचा हक्क आहे. वकिलाकडून निरोप पोचवा: इथेच बोल, अंग दाखव, वैद्यकीय तपासणी माग. हे ऐकणारा माणूस त्या खोलीत फक्त न्यायाधीश आहे.

परभणीच्या सोमनाथ सूर्यवंशी या कायद्याच्या विद्यार्थ्याचा १५ डिसेंबर २०२४ ला न्यायालयीन कोठडीत मृत्यू झाला. शवविच्छेदनात अनेक जखमा लिहिल्या गेल्या, न्यायदंडाधिकाऱ्यांनी चौकशी केली, आणि तरीही पोलिसांवर एफआयआर व्हायला ४ जुलै २०२५ चा औरंगाबाद खंडपीठाचा आदेश लागला. शासन त्याविरुद्ध सर्वोच्च न्यायालयात गेलं आणि तिथेही तो आदेश टिकला. सोमनाथच्या आईची बाजू आमच्या अकोल्याचे माजी खासदार ॲड. प्रकाश आंबेडकर यांनी मांडली. कोठडीत कोणाचा जीव गेला तर न्यायदंडाधिकाऱ्यांची चौकशी आणि शवविच्छेदनाचं चित्रीकरण आधी मागा. "मयत लवकर उचला" हा आग्रह मानू नका.

आमच्याकडे आता विभागीय चौकशी झाली, एकाची बदली झाली. बदलीला शिक्षा म्हणून आमच्या तोंडावर फेकलं गेलं, आम्ही ते मानलं नाही. मध्यस्थ येऊन गेले. "पोराचं लग्न व्हायचं हाये, कायले नादी लागता?" असं आपलीच माणसं म्हणाली. ते शब्द पट्ट्यापेक्षा जास्त लागले. पुतण्याला विचारूनच आम्ही पुढे गेलो, आणि प्रत्येक टप्प्यावर त्यालाच विचारतो, कारण मार त्याने खाल्ला आहे.

पैशाचं म्हणाल तर जिल्हा न्यायालयात जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाचं कार्यालय आहे. स्त्रिया, मुलं, अनुसूचित जाती-जमातीचे लोक, कोठडीतले लोक आणि ठरावीक मर्यादेपेक्षा कमी उत्पन्न असलेले यांना तिथे वकील फुकट मिळतो. १५१०० या क्रमांकावर फोन करूनही विचारता येतं. जाताना एमएलसीची प्रत, टपालाची पोच आणि तक्रारीचा शिक्क्याचा कागद न्या. मूळ कागद मात्र कोणाच्याही हाती देऊ नका, वकिलाच्याही नाही.