निळ्या उजेडातील मासा

मुलांनो, तुमची आजी लुगडे घेण्यासाठी बाजारात जाते, तेव्हा ती काय करते हे तुम्ही कधी पाहिले आहे काय? दुकानदार लखलखीत दिव्याखाली घडी उलगडून दाखवतो आणि रंगाची वाखाणणी करतो. आजी सारे शांतपणे ऐकून घेते. मग ती ते लुगडे उचलते, दुकानाच्या पायरीवर येते, पदर उन्हात धरून निरखते, आणि नंतरच आपली पसंती सांगते. आजीने पदार्थविज्ञानाचे पुस्तक वाचलेले नसेल. परंतु दिव्याखालचा रंग आणि उन्हातला रंग एकच असेल असा भरवसा नाही, हे तिला अनुभवाने पक्के ठाऊक असते.

हिंगोली जिल्ह्यातील शेतकऱ्यालाही ही गोष्ट नवी नाही. हा हळदीचा मुलूख. वसमतच्या हळदीला तर भौगोलिक मानांकनही मिळालेले आहे. हळदीची पारख करणारा माणूस कांडी मोडून तिचा गाभा पाहतो, आणि तो उजेडात नेऊन पाहतो. रंग ओळखायचा, तर उजेड चांगला हवा. ज्या उजेडाचा स्वतःचाच रंग एकांगी आहे, त्याच्या साक्षीने दुसऱ्याचा रंग ठरवू नये.

आता अशाच एका उजेडाने फसवलेल्या छायाचित्राची गोष्ट ऐका.

कयाधू नदीच्या परिसरातील एखाद्या शाळेचे चित्र डोळ्यांसमोर आणा. शाळेच्या विज्ञानखोलीत एक काचेची पेटी आहे. तीत वाळू, दोन-चार पाणवनस्पती आणि पाच सोनमासे आहेत. सोनमासे म्हटले, तरी ते सगळेच सोनेरी नसतात. त्यांतला एक दुधासारखा पांढरा आहे. पेटीच्या झाकणाला आतून निळ्या एलईडी दिव्यांची पट्टी लावलेली आहे. संध्याकाळी ती लावली, की पेटी एखाद्या समुद्राच्या तुकड्यासारखी दिसू लागते. मुलांना तिचे फार कौतुक.

एके दिवशी पांढरा मासा कोपऱ्यात निश्चल बसलेला दिसला. त्याने दाण्याला तोंड लावले नाही. माशांची देखभाल करणाऱ्या मुलाच्या जिवाची घालमेल झाली. त्याचे मामा परभणीला राहतात आणि त्यांनी पुष्कळ वर्षे मासे पाळलेले आहेत. मुलाने गुरुजींच्या परवानगीने त्यांच्या फोनवर माशाचे छायाचित्र काढले आणि मामांना पाठवले. छायाचित्रात पाणी गर्द निळे, मासाही निळा, आणि त्याच्या परांवर बारीक काळ्या रेघा उमटल्या होत्या.

मामांचे उत्तर आले, "बाळा, सोनमाशाच्या अंगावर कधी कधी काळी छटा येते आणि आपोआप जातेही. एवढ्याने घाबरू नकोस. उद्या पुन्हा पाहा."

मुलाला हायसे वाटले. परंतु गुरुजी छायाचित्राकडे पाहत राहिले. ते म्हणाले, "अरे, सकाळी मी या माशाकडे पाहिले, तेव्हा मला काळे काही दिसले नव्हते. मामांनी उत्तर दिले ते छायाचित्र पाहून. छायाचित्रच खोटे बोलत असेल, तर उत्तर खरे कसे येणार?"

"पण गुरुजी, छायाचित्र खोटे कसे बोलेल? कॅमेरा तर समोर असेल तेच टिपतो ना?"

गुरुजींनी काहीच सांगितले नाही. त्यांनी एका पांढऱ्या कागदावर चिमूटभर कुंकू आणि चिमूटभर हळद ठेवली, खोलीतला दिवा मालवला आणि तो कागद निळ्या पट्टीखाली धरला. मुले चकित झाली. कागद निळा दिसत होता. हळदीचा उजळ पिवळा रंग ओळखूही येत नव्हता. आणि कुंकू? ते तर काजळासारखे काळे दिसत होते!

ही जादू नव्हे. सूर्याचा पांढरा प्रकाश अनेक रंगांचा बनलेला असतो, हे न्यूटनने सतराव्या शतकात लोलकाच्या साहाय्याने दाखवून दिले. कुंकवावर सूर्यप्रकाश पडला, म्हणजे कुंकू इतर रंग शोषून घेते आणि तांबडा रंग तेवढा परत फेकते. म्हणून ते आपल्याला तांबडे दिसते. निळ्या उजेडात तांबडा रंग जवळजवळ नसतोच. मग कुंकवाने परत काय फेकावे? जो निळा प्रकाश मिळाला, तो त्याने शोषून घेतला. आपल्या डोळ्यांकडे काहीच आले नाही, आणि ज्या ठिकाणाहून प्रकाश येत नाही ते ठिकाण आपल्याला काळे दिसते.

आता मुलाच्या ध्यानात आले. माशाच्या परांवरच्या रेघा काळ्या नसून कुंकवासारख्या तांबड्या असू शकतील! दुसऱ्या दिवशी सकाळी त्याने निळी पट्टी बंद केली, खिडक्या उघडल्या आणि दिवसाच्या उजेडात नवे छायाचित्र काढले. पांढऱ्या माशाच्या परांवर रक्ताच्या बारीक तांबड्या रेघा स्पष्ट दिसत होत्या.

मामांचे उत्तर या वेळी निराळे आणि तातडीचे होते. "पेटीतले पाणी बिघडले आहे. आजचा दिवस दाणे टाकू नकोस. एक चतुर्थांश पाणी काढ, आणि एक दिवस उघड्या भांड्यात ठेवलेले स्वच्छ पाणी हळूहळू घाल. काही दिवस रोज असेच कर." मुलांनी तसे केले. चार-पाच दिवसांत मासा कोपऱ्यातून बाहेर आला आणि दाणे टिपू लागला. एका रंगाची ओळख चुकली असती, तर एक जीव गेला असता.

पण मग कॅमेऱ्याचा दोष कोणता, आणि आपल्या डोळ्यांना तो का जाणवत नाही?

आपले डोळे आणि मेंदू यांची जोडी मोठी चतुर आहे. पिवळ्या दिव्याखाली पांढरा सदरा पाहिला, तरी तो आपल्याला पांढराच वाटतो. कारण उजेडाचा रंग मेंदू मनातल्या मनात वजा करतो. फोनच्या कॅमेऱ्यालाही तशी वजाबाकी शिकवलेली असते. तिला श्वेतसंतुलन म्हणतात. फोनच्या भिंगामागे लक्षावधी सूक्ष्म प्रकाशघरे असतात. प्रत्येक घरावर तांबडी, हिरवी किंवा निळी यांपैकी एका रंगाची गाळणी बसवलेली असते. चार घरांपैकी दोन हिरवी, एक तांबडे आणि एक निळे, अशी ही मांडणी ब्राइस बेयर या अमेरिकन शास्त्रज्ञाची आहे. तिचे एकस्व १९७६ मध्ये देण्यात आले. या घरांत किती प्रकाश जमला, हे मोजून फोन रंगांचा हिशेब मांडतो.

निळ्या पट्टीखाली हा हिशेब फसतो. निळी घरे काठोकाठ भरून वाहू लागतात, आणि तांबडी घरे जवळजवळ रिकामी राहतात. भरून वाहिलेल्या घागरीत किती पाणी ओतले होते हे सांगता येत नाही; रिकाम्या घागरीतून तर काहीच काढता येत नाही. म्हणून असे छायाचित्र मागाहून कितीही दुरुस्त केले, तरी हरवलेला रंग परत येत नाही.

प्रकाशाच्या छटेला केल्व्हिन या मापाने आकडा देतात. मेणबत्तीचा पिवळसर उजेड सुमारे १,९०० केल्व्हिनचा, आणि दुपारच्या उन्हाचा सुमारे ५,५०० केल्व्हिनचा. आकडा वाढत जातो, तसा उजेड निळसर होत जातो. समुद्री माशांच्या पेटीवरील काही दिवे तर १५,००० ते २०,००० केल्व्हिनचे म्हणून विकले जातात. पुष्कळ फोनांतील मोजपट्टी मात्र १०,००० च्या आसपास संपते. ज्याची पट्टीच आखूड, त्याने लांबी मापावी कशी?

मग उपाय काय? ते क्रमाने पाहू.

पहिला आणि सर्वांत चांगला उपाय म्हणजे उजेड बदलणे. निळी पट्टी काही वेळ बंद करावी आणि खोलीत दिवसाचा उजेड येऊ द्यावा, किंवा पेटीला पांढरा दिवा असल्यास तो लावावा. येथे एक मौजेची गोष्ट सांगतो. नेहमीचा पांढरा एलईडी दिवाही मुळात निळाच असतो. त्यावर पिवळा प्रकाश देणाऱ्या पदार्थाचा लेप असतो, आणि निळा व पिवळा मिळून पांढरा उजेड पडतो. कार्यक्षम निळा एलईडी बनवणे अनेक वर्षे कोणाला साधले नव्हते. ते साधणाऱ्या इसामू आकासाकी, हिरोशी आमानो आणि शूजी नाकामुरा या शास्त्रज्ञांना २०१४ मध्ये पदार्थविज्ञानाचे नोबेल पारितोषिक मिळाले.

दुसरा उपाय साक्षीदाराचा. स्वच्छ धुतलेला पांढऱ्या प्लॅस्टिकचा तुकडा पेटीत माशाच्या जवळ ठेवावा आणि छायाचित्रात तो येऊ द्यावा. नंतर फोनमध्ये रंग जुळवताना तो तुकडा पांढरा दिसेपर्यंतच बदल करावा. फोनमधील छटेचा आकडा वाढवला, की चित्राला पिवळसर झाक चढते आणि निळेपणा उतरतो.

तिसरा उपाय गाळणीचा. दिवा बदलणे शक्य नसेल, तर भिंगापुढे पिवळा किंवा नारिंगी पारदर्शक कागद धरावा. तो जास्तीचा निळा प्रकाश अडवतो आणि बाकीच्या रंगांना वाव मिळतो. मात्र हे ध्यानात ठेवा, की गाळणी रंग कमी करते. नवा रंग निर्माण करीत नाही. दिव्यात तांबडा प्रकाश मुळीच नसेल, तर तो गाळणीने येणार नाही.

चौथी गोष्ट उजळपणाची. काळोखी पार्श्वभूमी पाहून फोन चित्र फाजील उजळ करतो आणि माशाचे अंग पांढरेफटक होते. म्हणून पडद्यावर माशाच्या जागी बोट टेकवावे आणि उजळपणा थोडा उतरवावा. अंगावरचे खवले दिसू लागले, म्हणजे तो योग्य झाला असे समजावे.

पाचवी गोष्ट काचेची. काच आतून-बाहेरून पुसलेली असावी. फोन काचेजवळ आणि तिच्याशी काटकोनात धरावा. तिरका धरल्यास काच आणि पाणी यांमुळे प्रकाश वाकतो आणि कडांना रंगीत किनार दिसते. प्रतिबिंब पडू नये म्हणून फोनच्या मागे काळे कापड धरावे. फोनचा झगझगीत दिवा लावू नये. तो काचेवर चमकतो आणि मासाही बिचकतो. काचेवर टकटक तर कधीच करू नये. मासा हा आपला पाहुणा आहे. तो स्थिर होईपर्यंत आपणच धीर धरावा.

कोणी म्हणेल, "मग निळा उजेड वाईटच म्हणावयाचा!" तसे नाही. समुद्रात खोल जावे, तसतसा तांबडा प्रकाश पाण्यात शोषला जातो आणि निळा अधिक खोलवर पोहोचतो. म्हणून समुद्री जिवांच्या पेट्यांवर निळे दिवे लावतात. त्या उजेडात काही प्रवाळ हिरव्या-नारिंगी रंगांनी स्वतः उजळून निघतात. समुद्राच्या निळाईने तर आपल्या देशाला एक मोठा मान मिळवून दिला आहे. १९२१ मध्ये चंद्रशेखर व्यंकट रामन जहाजाने प्रवास करीत होते. भूमध्य समुद्राचा गर्द निळा रंग पाहून त्यांच्या मनात प्रश्न उभा राहिला. समुद्राची निळाई म्हणजे आकाशाचे केवळ प्रतिबिंब, हे उत्तर त्यांना पटले नाही. पाण्याचे रेणूच प्रकाश विखुरतात, असे त्यांनी दाखवले. त्या वाटेने पुढे जाऊन १९२८ मध्ये त्यांनी 'रामन परिणाम' शोधून काढला, आणि १९३० मध्ये त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले. जे दिसले ते तसेच का दिसले, असे विचारण्यातून एवढा मोठा शोध लागला.

मुलांनो, आज पुष्कळ घरांत फोन आहे आणि छायाचित्र काढणे हा क्षणाचा खेळ झाला आहे. शोभेसाठी चित्राचे रंग भडक केले, तर फारसे बिघडत नाही. परंतु ज्या चित्रावरून कोणी निर्णय करणार आहे, ते चित्र म्हणजे साक्ष होय. पिकावरचा रोग असो, अंगावरची पुरळ असो, की आजारी मासा असो, साक्ष खरी असली पाहिजे. म्हणून कळ दाबण्यापूर्वी आजीची आठवण करा. तिच्यासारखे पायरीपर्यंत चला, उजेड पारखा, आणि मगच रंग सांगा.

स्वाध्याय

१. आजी लुगडे उन्हात नेऊन का पाहते?
२. निळ्या उजेडात कुंकू काळे का दिसते, ते तुमच्या शब्दांत लिहा.
३. मामांचे पहिले उत्तर चुकले. यात दोष कोणाचा, असे तुम्हांला वाटते? कारण द्या.
४. 'गाळणी रंग कमी करते. नवा रंग निर्माण करीत नाही.' या वाक्याचा अर्थ स्पष्ट करा.
५. पुढील शब्दप्रयोगांचा वाक्यांत उपयोग करा : जिवाची घालमेल होणे, हायसे वाटणे, भरवसा नसणे.
६. उपक्रम : हळद, कुंकू, हिरवे पान आणि पांढरा कागद यांचे ऊन, घरातील दिवा आणि रंगीत कागदाने झाकलेली विजेरी या तीन उजेडांत निरीक्षण करा. दिसलेले रंग तक्त्यात नोंदवा. जे दिसले तेच लिहा. जे दिसायला हवे होते ते लिहू नका.