कांजण्या : माता नव्हे, विषाणू



होळीच्या आसपास अमरावती-अकोल्याच्या वस्त्यांत ‘लेकराला माता आली’ असे ऐकू येऊ लागते. दाराला कडुनिंबाचा डहाळा लागतो, घरात फोडणी बंद होते, लेकराची आंघोळ बंद होते आणि डॉक्टरकडे नेणे वर्ज्य ठरते. 14 ऑक्टोबर 1956 ला नागपुरात बाबासाहेबांनी आपल्याला 22 प्रतिज्ञा दिल्या. भिंतीवरचे देव आपण उतरवले, पण कांजण्यांच्या वेळी जुनी माता अजून काही घरांत परत येते.

पूर्वी देवीचा रोगही मातेचा कोप मानत. पूजा-नवस शेकडो वर्षे झाले, रोग हटला नाही. तो हटला लसीमुळे. भारतात देवीचा शेवटचा रोगी 1975 मध्ये सापडला आणि 1980 मध्ये जग देवीमुक्त जाहीर झाले. कांजण्या हा वेगळा रोग आहे, वेगळ्या विषाणूचा. त्यावरही लस आहे. ती 1974 मध्ये जपानचे डॉ. मिचिआकी ताकाहाशी यांनी तयार केली.

रोग कसा पसरतो?

रोग्याच्या श्वासातून, खोकल्यातून आणि फोडांतल्या पाण्यातून. लागण झाल्यावर 10 ते 21 दिवसांनी ताप व पुरळ येते. पुरळ दिसण्याच्या एक-दोन दिवस आधीपासून सगळ्या फोडांवर खपल्या धरेपर्यंत रोग दुसऱ्याला लागतो. एका खोलीत सहा माणसे राहतात, तिथे तो सहसा एकावर थांबत नाही.

लहान मुले बहुधा आठ-दहा दिवसांत बरी होतात. मोठ्या माणसांना, गरोदर बाईला आणि नवजात बाळाला मात्र तो जड जातो. न्यूमोनिया होऊ शकतो, मेंदूला सूज येऊ शकते. बाळंतपणाच्या तोंडावर आईला कांजण्या आल्या तर बाळाच्या जिवाला धोका असतो.

लस कोणी, कधी घ्यावी?

पहिला डोस 15 महिन्यांनंतर. दुसरा किमान तीन महिन्यांनी, किंवा 4 ते 6 वर्षांच्या वयात. 13 वर्षांपुढे, ज्यांना कांजण्या झाल्या नाहीत त्यांनी चार ते आठ आठवड्यांच्या अंतराने दोन डोस घ्यावेत. गरोदर बाईला ही लस देत नाहीत. लग्न ठरलेल्या मुलीने आधीच घ्यावी आणि नंतर किमान एक महिना गर्भ राहू देऊ नये. कॅन्सरचे उपचार चालू असतील किंवा प्रतिकारशक्ती फार कमी असेल तर डॉक्टरांना विचारूनच. घरात एकाला कांजण्या निघाल्या, तर बाकीच्यांनी तीन दिवसांत, फार तर पाच दिवसांत लस घेतली तरी उपयोग होतो.

एक गैरसमज दूर करा. अंगणवाडीत 9 महिन्यांनी मिळणारी एमआर लस गोवर-रुबेलाची आहे, कांजण्यांची नाही. कांजण्यांची लस सरकारच्या मोफत यादीत नाही. खाजगीत एका डोसला बराच खर्च येतो. रोजमजुरीच्या घराला तो परवडत नाही. ज्याच्याकडे पैसा त्याच्याच लेकराला संरक्षण, ही विषमताच आहे. म्हणून ग्रामसभेत, नगरसेवकाकडे, आरोग्य केंद्रात ‘ही लस मोफत द्या’ असा लेखी अर्ज विहारातर्फे द्या.

रोग आलाच तर

लेकराला रोज कोमट पाण्याने आंघोळ घाला. नखे कापा. सुती, सैल कपडे घाला. वरण-भात, दूध, अंडी, जे खाईल ते द्या आणि पाणी भरपूर पाजा. तापाला पॅरासिटामॉल चालेल. अ‍ॅस्पिरिन अजिबात देऊ नका, आयबुप्रोफेनही टाळा. खपल्या धरेपर्यंत शाळेत व विहारात पाठवू नका आणि गरोदर बाईला दूर ठेवा.

धाप लागली, लेकरू सुस्त पडले, सारख्या उलट्या झाल्या, झटके आले किंवा फोडांत पू झाला तर त्याच दिवशी इर्विनला किंवा अकोल्याच्या सर्वोपचारला न्या. कांजण्या न झालेली गरोदर बाई रोग्याजवळ राहिली असेल, तर पुरळाची वाट न पाहता डफरीनला किंवा लेडी हार्डिंगला दाखवा. मोठ्यांनी पुरळ दिसताच डॉक्टर गाठावा. पहिल्या 24 तासांत सुरू केलेले औषध अधिक लागू पडते.

आजारी भिक्खूला भगवान बुद्धांनी स्वतः आंघोळ घातली होती, त्याला अंगारा लावला नव्हता. रोग्याची सेवा हाच आपला धम्म आहे. पुढच्या पौर्णिमेला विहारात हे पान मोठ्याने वाचा आणि वस्तीत कोण गरोदर आहे, कोणाचे डोस राहिले आहेत, याची यादी आशाताईंसोबत बसून करा.

नमो बुद्धाय! जय भीम!