मुलीसारखं

चि. सोनू,


‘सर मला अगदी मुलीसारखं वागवतात’ हे तुझ्या पत्रातलं वाक्य वाचून बरं वाटलं, आणि काळजीही वाटली. माझे संशोधनाचे गाईडही मला मुलीसारखंच वागवत. साडेसहा वाजले की ‘अंधाराच्या आत घरी पोच’ म्हणायचे. मी डबा पिशवीत टाकून बस गाठायची. मागे राहिलेली मुलं सरांबरोबर फाटकाबाहेरच्या टपरीवर चहाला जायची. पेपरवर पहिलं नाव कुणाचं, परिषदेला कोण जाणार, हे तिथंच ठरायचं. पुढे नोकरीसाठी सरांनी माझं आणि बरोबरच्या मुलाचं शिफारसपत्र लिहिलं, आणि दोन्ही टाईप करून आणायला मलाच पाठवलं. माझ्या पत्रात होतं: कष्टाळू, नम्र, मनमिळाऊ. त्याच्या पत्रात त्यानं बसवलेल्या पद्धतीचं अर्धं पान वर्णन. ती पद्धत आम्ही दोघांनी मिळून बसवली होती गं. सरांच्या मनात वाईट काही नव्हतं, म्हणूनच मी गप्प बसले. ते चुकलं.

बाई गाईड असती तर सगळं सुरळीत झालं असतं, असंही समजू नकोस. 2012 साली येलच्या संशोधकांनी अमेरिकेतल्या 127 विज्ञान-प्राध्यापकांना एकच अर्ज दाखवला. काहींना जॉनच्या नावानं, काहींना जेनिफरच्या. जॉन जास्त लायक ठरला, त्याला पगार जास्त सुचवला गेला, मार्गदर्शन करायची तयारीही त्याच्यासाठीच अधिक. प्राध्यापिकांनीसुद्धा हेच केलं.

आपल्या कमलाबाई सोहोनींना 1933 साली बंगळूरच्या विज्ञान संस्थेत सी. व्ही. रामन यांनी बाई म्हणून प्रवेश नाकारला. त्या हटल्या नाहीत; अखेर वर्षभर काम पारखून बघण्याच्या अटीवर त्यांना घेतलं. तिथं श्रीनिवासय्या हे कडक शिस्तीचे गुरू त्यांना लाभले. 1939 मध्ये त्यांना केंब्रिजची पीएच.डी. मिळाली. सोनू, तुला माया करणाऱ्यापेक्षा असा काम करून घेणारा माणूस हवा. आणि चार लोकांत, तू तिथं नसताना, तुझं काम नावानिशी सांगणारा.

शनिवारी सरांना स्पष्ट विचार, पहिलं नाव कुणाचं. शिफारसपत्रासाठी तू केलेल्या प्रयोगांचं टिपण स्वतः लिहून त्यांच्या हातात दे. चहालाही जा. काय म्हणाले ते फोन करून सांग. मी अकरापर्यंत जागी असते.

तुझी,
मावशी