प्रवेशाचं प्रमाण की कटऑफ?

प्रश्न : मुलगी बारावीला आहे, सीईटी देणार. अमेरिकेतल्या विद्यापीठांत शंभर अर्जांमागे किती जणांना प्रवेश मिळतो, ते आकडे वाचनात आले. आपल्या सरकारी विद्यापीठांचे असे आकडे कुठे मिळतील? – एक पालक, वेल्हे

उत्तर : इंजिनिअरिंगसाठी मिळणार नाहीत, आणि कुणी काढून दिले तरी कामाचे नाहीत. कॅलिफोर्नियात एका अर्जात सरकारी विद्यापीठाच्या नऊ शाखा मागता येतात, पण अर्जाची फी दर शाखेची वेगळी आणि निर्णयही वेगळा. म्हणून लॉस एंजेलिसला शंभरातले साधारण नऊच घेतात, या आकड्याला अर्थ आहे. आपल्याकडे ‘कॅप’चा, म्हणजे केंद्रीभूत प्रवेशप्रक्रियेचा, फॉर्म एक आणि पर्याय हवे तेवढे. त्यात पुण्याची सीओईपी, म्हणजे पूर्वीचं सरकारी अभियांत्रिकी महाविद्यालय, टाकायला वेगळा पैसा लागत नाही, मग नशीब अजमावायला कोणीही टाकतो. त्या अर्जांनी भागून काय हाती लागणार?

त्यात विद्यापीठ स्वतः मुलं निवडतं असंही नाही; प्रवेश कॉलेजात होतो. भोरच्या अनंतराव थोपटे महाविद्यालयात बीएस्सी करा नाहीतर पुण्याच्या नामांकित कॉलेजात, पदवी सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाचीच. सीओईपी 1854 पासूनची, 2022 मध्ये स्वतंत्र विद्यापीठ झाली. पण तिचाही एकच असा कटऑफ (शेवटच्या प्रवेशाचं पर्सेंटाइल) नाही. कॉम्प्युटरचा वेगळा, मेटलर्जीचा बराच खाली. एखाद्या खासगी कॉलेजचं कॉम्प्युटर सीओईपीच्या मेटलर्जीच्या वर बंद होतं. आता जास्त चोखंदळ कोण म्हणायचं?

पर्सेंटाइल मात्र नीट समजून घ्या. ते टक्के नव्हेत. समजा तीन लाख मुलं बसली. 99 पर्सेंटाइल म्हणजे पुढे साधारण 3,000 जण, 99.5 म्हणजे 1,500. साठावरून साडेसाठावर जायलाही 1,500 जणांनाच मागे टाकायचं. पण तिथे मुलांची दाटी असते, 200 पैकी अगदी थोड्या गुणांत काम होतं. वरच्या टोकाला तेवढ्याच अर्ध्या पॉइंटसाठी कितीतरी जास्त गुण लागतात. म्हणून 99.6 आणि 99.1 या कटऑफांमधला फरक दिसतो त्याहून मोठा आहे.

सीईटी कक्षाच्या कटऑफ याद्यांत प्रवर्गाच्या कोडची अक्षरं पाहा. सुरुवातीचं ‘एल’ म्हणजे मुलींसाठी राखीव जागा. ‘जी’च्या जागाही तुमच्या लेकीला खुल्या आहेत. शेवटचं ‘एस’ म्हणजे राज्यस्तरीय, ‘एच’ म्हणजे आपल्या विद्यापीठाच्या हद्दीतल्यांच्या, ‘ओ’ म्हणजे बाहेरच्यांच्या. एका कॉलेजचं ‘एच’ दुसऱ्याच्या ‘एस’शी ताडून पाहण्यात अर्थ नाही. पहिल्या फेरीचा आकडा शेवटच्या फेरीशी लावणं हा तर नेहमीचा घोटाळा. क्लासवाल्यांच्या जाहिरातींतही सर्रास आढळतो. जिथे दोन-तीनच जागा असतात, तिथला कटऑफ एका मुलाच्या मर्जीवर वर्षागणिक उड्या मारतो. तिथे किमान तीन वर्षांचे आकडे शेजारी मांडा, शाखा तीच आणि फेरीही तीच.